मालवणला यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवणात घर असलं की ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत फोन वाजत राहतो. पाहुणे बदलतात, प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. हॉटेलांची यादी यात नाही, ती कुठेही मिळेल. इथे पंचांग, वारा आणि बंदरावर त्या दिवशी आलेली मासळी यांच्यावरून दिवस ठरतो, आणि हे ध्यानात न घेता आलेले पाहुणे अर्धा वेळ चुकीच्या ठिकाणी चुकीच्या वेळी उभे असतात.

यायला चांगला काळ कोणता?

दिवाळीची सुट्टी संपली की नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, आणि जमलं तर सोमवार ते गुरुवार. सकाळी समुद्र शांत असतो, पाणी स्वच्छ असतं, बाजारात मासळी भरपूर असते. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा मात्र टाळाच. देवबागचा रस्ता अरुंद आहे, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, त्यामुळे गाडी अडकली की वळवायलाही जागा नसते. मे महिन्यात आंबा-फणस असतो, चाकरमानी असतात, उकाडाही असतो. महिनाअखेरीस वारा फिरला की होड्या कधी बंद होतील सांगता येत नाही.

गणपतीत पर्यटनासाठी येऊ नका. रेल्वेचं तिकीट मिळणार नाही, आणि मिळालं तरी तुमचं जेवण रांधणारा माणूस स्वतःच्या घरी आरतीला उभा असेल.

किती दिवस काढावेत?

दोन रात्री कमीत कमी, तीन असल्या तर उत्तम. तिसरा दिवस हाताशी लागतोच. एखाद्या सकाळी वारा सुटतो आणि किल्ल्याची होडी सुटत नाही. अशा वेळी ज्याचं परतीचं तिकीट दुपारचं असतं तो जेटीवर उभा राहून भांडतो, आणि ज्याच्याकडे दिवस असतो तो चहा पिऊन धामापूरचा तलाव बघायला जातो.

पोहोचायचं कसं?

मालवणला रेल्वे स्टेशन नाही. कोकण रेल्वेने कुडाळला उतरलात तर पुढे साधारण तीस किलोमीटर. कणकवलीला उतरलात तर थोडं जास्त. मुंबईहून रात्री निघणारी कोकणकन्या आणि दादरहून सुटणारी तुतारी या गाड्या सोयीच्या, सकाळी किंवा दुपारपर्यंत पोहोचवतात. मांडवीने आलात तर दिवसभर खिडकीतून कोकण बघायला मिळतं. स्टेशनबाहेर रिक्षा असतात, एसटीही आहे, पण एसटीची वेळ आणि गाडीची वेळ जुळेलच असं नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश चालतात.

पुणे-कोल्हापूरकडून येणारे फोंडा घाट किंवा गगनबावड्याकडून करूळ घाट उतरतात. घाटात दरड किंवा दुरुस्ती नसेल याची निघण्याआधी खात्री करा. परुळे-चिपीला विमानतळ आहे, २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. तिथली उड्डाणं कमी आणि वेळापत्रक बदलतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर सुट्टी आखू नका. गोव्याच्या मोपाला उतरून गाडीने येणारेही बरेच आहेत.

राहावं कुठे, गावात की तारकर्ली-देवबागला?

खोलीच्या दारात वाळू हवी असेल तर तारकर्ली किंवा देवबाग. बाजार, बंदर, खानावळी, किल्ल्याची जेटी पायी अंतरावर हवी असेल तर गावात राहा. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा येणाऱ्याने गावात राहावं. चिवला बीच गावातच आहे आणि तारकर्ली सहा-सात किलोमीटरवर. दिवसा तिकडे जाऊन येता येतं, पण पहाटेचं बंदर देवबागहून येऊन बघायचा उत्साह फार कमी जणांना असतो. घरगुती न्याहारी-निवासाच्या जागी राहिलात तर जेवण घरचं मिळतं, आणि त्या घरातलं कोणी ना कोणी समुद्रावर जाणारं असतं. हवामानाची खरी बातमी तिथेच कळते.

सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी कधी असते?

पावसाळा संपल्यावर बंदर खात्याची परवानगी मिळाली की सुरू होते आणि मेच्या अखेरीस बंद होते. जेटीवर तिकीट काढायचं, लाइफ जॅकेट घालायचं, पंधरा-वीस मिनिटांत किल्ला. होडी सरळ जात नाही, वळणं घेत जाते. पाण्याखाली खडक आहेत आणि वाट ठरलेली आहे. याच खडकांमुळे शत्रूची मोठी गलबतं किल्ल्याला भिडू शकत नसत.

होडीवाले किल्ल्यात साधारण तासाभराचा वेळ देतात. तेवढ्यात सगळं बघून होत नाही. तिकीट काढतानाच विचारा, नंतरच्या होडीने परतलं तर चालेल का. जायचं तर सकाळी लवकर. दुपारनंतर वारा वाढतो, होडी हलते, आणि तटावर सावली कुठेच नाही.

किल्ल्यात बघायचं काय?

आधी किल्ल्यात जायच्या अगोदरचं ठिकाण सांगतो, जे बहुतेक जण चुकवतात: मोरयाचा धोंडा. दांडीच्या किनाऱ्यावरचा हा खडक. गणपती, चंद्र-सूर्य यांच्या आकृती त्यावर कोरल्या आहेत. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी किल्ल्याच्या कामाचा मुहूर्त केला तो इथे पूजा करून. समोर कुरटे बेट दिसतं. किल्ला बांधायच्या आधी हे नुसतं खडकाळ बेट होतं, हे इथे उभं राहिल्यावर पटतं.

काम तीन वर्षं चाललं, १६६७ मध्ये पुरं झालं. बांधकाम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली. पायाच्या दगडांत शिसं ओतलेलं आहे, आणि तटाचा आकार मुद्दाम नागमोडी ठेवला आहे, म्हणजे कुठल्याही टोकावरून शेजारच्या भिंतीवर मारा करता येतो. तट साधारण तीस फूट उंच, वर बारा फूट रुंदी. होडी जवळ येईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो लपवला आहे. अनोळखी माणसाला कळू नये हाच हेतू.

आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. इथली महाराजांची मूर्ती दाढीशिवाय आहे. चित्रांत पाहिलेली प्रतिमा डोक्यात घेऊन आलेला माणूस क्षणभर थबकतो. दरवाजाजवळच्या तटावर दोन छोट्या घुमट्यांत चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे. भवानी, जरीमरी, महापुरुष यांची देवळं आहेत. आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. चारी बाजूंनी खारं पाणी असताना या विहिरींचं पाणी गोड आहे. घागर भरून नेणारी माणसं अजूनही दिसतील, कारण किल्ल्यात काही घरं आजही नांदती आहेत. त्यांच्या अंगणातून जाताना ते कुणाचं तरी अंगण आहे हे लक्षात असू द्या.

१७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला होता आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं होतं. ते नाव टिकलं नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत.

राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा बघायला जावं का?

जेटीपासून जवळच आहे, जाता येतं. २०२३ च्या नौदल दिनाला अनावरण झालेला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. आता तिथे २०२५ मध्ये उभारलेला नवा, बराच मोठा पुतळा आहे. संध्याकाळी गर्दी असते.

भरती-ओहोटीची वेळ कशी काढायची? मोबाइलवर बघितली तर चालेल?

चालेल. पण घरात कालनिर्णय असेल तर मोबाइलचीही गरज नाही. पंधरवड्यातली तिथी घ्या, तिला तीनाने गुणा आणि चाराने भागा. जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता भरती आणि बारा वाजता ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकराला भरती, संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास ओहोटी. दिवसाला दोनदा भरती, दोनदा ओहोटी, मधे साधारण सहा तास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला एवढं पुरतं.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांगाची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरतीला पाणी फार वर येतं आणि ओहोटीला फार खाली जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे फरक कमी. आता दोन्ही जोडून बघा. सकाळी ओहोटी हवी आणि ती चांगली खोल हवी, तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची तृतीया ते पंचमी उत्तम. ओहोटी सव्वाआठ ते पावणेदहाच्या सुमाराला येते आणि उधाणाचा जोर अजून उरलेला असतो. खोली बुक करायच्या आधी हे बघणारा पाहुणा मला क्वचितच भेटला आहे.

त्सुनामी आयलंड नक्की काय आहे? फोटोत वेगळं दिसतं.

फोटो ज्या वेळी काढला त्या वेळचं ते आहे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. त्या मुखाशी साचलेला हा वाळूचा पट्टा. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं इथले लोक सांगतात, म्हणून हे नाव. ओहोटीला कोरडी वाळू असते, त्यावर चहा-भज्यांच्या टपऱ्या, पाण्यातले खेळ, सगळं. भरतीला तुम्ही गुडघाभर, कधी कंबरभर पाण्यात उभे असता आणि "हेच का ते?" असं विचारता. चूक बेटाची नसते, वेळेची असते. वर सांगितलेलं गणित करून या.

बनाना राइड, जेट स्की वगैरेचा भाव होडीत बसण्याआधीच ठरवा, आणि तो माणशी की फेरीचा हे विचारून घ्या.

पद्मगडावर चालत जाता येतं म्हणतात, खरं का?

खरं आहे. दांडीच्या किनाऱ्यावरून, ओहोटीला. वाळू उघडी पडते आणि पाय फार न भिजवता पोहोचता येतं. पण पाणी उतरत असताना निघा. ओहोटी पूर्ण झाल्यावर निघालात तर येताना भरती तुमच्या आधी वाटेवर असेल. किल्ला लहान आहे, बराचसा ढासळलेला. सिंधुदुर्गाचा तट इथून जसा दिसतो तसा होडीतूनही दिसत नाही. भांगाच्या दिवसांत हा बेत नको.

डॉल्फिन दिसतात का? आणि निवतीच्या खडकांची सफर?

देवबाग, भोगवे, निवती या पट्ट्यात डॉल्फिन आहेत आणि सकाळी सात ते नऊ या वेळात दिसण्याचा संभव बरा असतो. हमखास दाखवतो म्हणणाऱ्यापेक्षा "बघूया" म्हणणाऱ्या होडीवाल्यावर जास्त विश्वास ठेवा. दिसल्यावर त्यांच्या मागे होडी पळवायला सांगू नका. इंजिन बंद केलं तर ते जवळही येतात, पाठलाग केला तर बुडी मारून जातात.

निवतीपासून आत भर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स म्हणून खडकांचा समूह आहे, दीपगृहही आहे. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. त्या थुंकीने घरटी बांधतात, आणि या घरट्यांच्या चोरट्या व्यापारामुळे तिथे संरक्षणाचं काम उभं राहिलं. ही लांबची सफर आहे, पूर्ण शांत समुद्र असेल तरच. होडीतून बघून परतायचं, खडकांवर उतरवण्याचा हट्ट धरायचा नाही.

स्कूबा करावं का? पोहता येत नाही.

पोहता न येणाऱ्यांनाच इथे बहुतेक वेळा पाण्याखाली नेतात. एक प्रशिक्षक तुम्हाला सतत धरून असतो, खोली फार नसते, काही मिनिटं रंगीत मासे आणि प्रवाळ बघून वर. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. नीट शिकायचं असेल तर तिथे चौकशी करा.

दम्याचा त्रास, हृदयविकार, कानाचं दुखणं, ताजी सर्दी किंवा गर्भारपण असेल तर करू नका आणि लपवूही नका. फॉर्मवर सही करताना घाई होते, पण वाचा. वर आल्यावर निदान बारा तास विमानात बसू नका, म्हणजे सकाळी स्कूबा आणि दुपारी विमान हा बेत रद्द.

होडीत किती माणसं भरली आहेत ते मोजा. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. समुद्र खवळलेला असताना किंवा जॅकेट कमी असताना "चला हो, काही होत नाही" असं कोणी म्हणालं तर पैसे सोडून द्या आणि परत फिरा.

पाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्वच्छ, मे अखेरीस गढूळ. किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे, सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटर. प्रवाळाला हात लावू नका, त्यावर उभं राहू नका. तुकडा उचलून घरी नेणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो किनाऱ्यावर विकायला ठेवलेला का असेना.

समुद्रात पोहायला सुरक्षित जागा कुठली?

चिवला बीच त्यातल्या त्यात. उतार मंद आहे आणि डिसेंबरात तिथे सागरी जलतरण स्पर्धाही होतात. देवबागच्या संगमावर मात्र अजिबात उतरू नका. ओहोटीला खाडीचं पाणी जोराने बाहेर ओढतं आणि वरून ते कळत नाही. रॉक गार्डनला सूर्यास्त बघायला सगळे जातात, ठीक आहे, पण शेवाळलेल्या खडकावर लाटेकडे पाठ करून फोटो काढणं थांबवा.

मासे कुठले खावेत?

बंदरावर ज्या दिवशी जे आलं ते. इथे खानावळीत शिरल्यावर मेनूकार्ड बघायचं नसतं, विचारायचं: "आज काय गावला?"

तरीही थोडी दिशा देतो. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत बांगडा आणि पेडवे रांपणीला लागतात. रांपण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीने ते समुद्रात गोल टाकून येतात आणि मग दोन्ही टोकांना माणसं लागून ओढत वाळूवर आणतात. गाबीत समाजाची ही जुनी मासेमारी. दिसली तर थांबून बघा, दोर ओढायला हातही लावू देतात. रांपणीचा बांगडा त्याच दिवशी तव्यावर पडला तर सुरमईची आठवण येत नाही. थंडीत सुरमई, जिला इथे इसवण म्हणतात, आणि सरंगा म्हणजे पापलेट. मुडदुशे मिळाले तर सोडू नका. नाजूक मासा, थाळीच्या फोटोत छान दिसत नाही म्हणून पर्यटक मागत नाहीत, आणि त्यामुळे आम्हाला मिळतो. कालवं ओहोटीला बायका खडकांवरून फोडून काढतात. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वाळूत मिळतात. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, अमावास्येच्या सुमाराला भरलेल्या असतात असं सगळे सांगतात आणि बाजारातल्या बायका त्याप्रमाणे भावही सांगतात.

पापलेट एवढं महाग का, हा प्रश्न दर वेळी येतो. कमी झालं म्हणून. माशांच्या थव्याला घेरून गोळा करणारी पर्ससीन जाळी आणि रात्रीचे एलईडी दिवे लावून केलेली मासेमारी यांनी लहान-मोठं सगळंच उपसलं जातं. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर बंधनं घातली, पण किनाऱ्यावर हा वाद मिटलेला नाही. बोटभर पापलेट आणि पिल्लू मोरी (मोरी म्हणजे शार्क) मागवू नका, एवढं तुमच्या हातात आहे.

खानावळीत मागवायचं काय?

मासळीची थाळी असतेच: तळलेली तुकडी, कालवण, भात, भाकरी किंवा चपाती, सोलकढी. त्यापलीकडे जा. बांगड्याचं तिखलं मागा, त्यात तिरफळं हवीतच. तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढायचं. चावलंत तर जिभेला मुंग्या येतील. तिसऱ्यांचं सुकं, मोरीचं मटण, कोलंबीचं भुजणं. मासे नको असलेल्या दिवशी वडे-सागोती. सोलकढी गुलाबी रंगाची पण पातळ पाण्यासारखी आली तर नारळ कमी आणि घाई जास्त असं समजा.

रवा लावून कडक तळलेली सुरमई सगळीकडे सारखी लागते. खानावळीची परीक्षा कालवणावर करावी.

मोठ्या माशाचा भाव रोज बदलतो आणि बऱ्याच ठिकाणी आकाराप्रमाणे असतो. ऑर्डर देण्याआधी विचारा, त्यात कमीपणा नाही. जेवायला एकच्या आत बसा. दोननंतर चांगली मासळी संपलेली असते आणि उरलेलं काय ते तुम्हाला "स्पेशल" म्हणून सांगतात.

सोमवारी मासे मिळत नाहीत का?

मिळतात. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार या दिवशी इथली बरीच घरं मासे खात नाहीत आणि काही घरगुती खानावळी बंद असतात. उलट अशा दिवशी बाजारात गिऱ्हाईक कमी असतं. पाळत नसाल तर मासे विकत घ्यायला तेच दिवस बरे.

मासळीचा लिलाव बघता येतो?

येतो, कोणी अडवत नाही. होड्या बंदराला लागल्या की बोली सुरू होते, आणि ती एवढ्या झटपट संपते की नवख्याला कोणी घेतलं तेच कळत नाही. वाटेत उभं राहू नका, टोपलीत हात घालू नका, आणि बायकांचे फोटो विचारून काढा. नाही विचारलंत तर मालवणीत जे ऐकाल त्याचा अर्थ विचारायच्या भानगडीत पडू नका. लिलावात तुम्हाला घ्यायचं नसतं. मासळी बाजारात नेऊन बसणाऱ्या कोळणीकडून घ्या. डोळे चकचकीत, कल्ले लाल, दाबल्यावर मांस परत वर येतं, तो मासा ताजा. साफ करून त्याच देतात. राहत्या घरी आधी विचारलं असेल तर थोडे पैसे घेऊन शिजवूनही देतात.

आमच्यात दोघं शाकाहारी आहेत. उपाशी राहतील का?

नाही. उलट मला कधीकधी त्यांचा हेवा वाटतो. फेब्रुवारी ते एप्रिल ओल्या काजूची उसळ मिळते, जी शहरात वाळक्या काजूची करतात तिच्याशी तिचा काही संबंध नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, फणसाची भाजी, घावणे, रसातले शिरवाळे. फक्त आदल्या दिवशी सांगा. आयत्या वेळी सांगितलंत तर पनीर येईल. आणि वेगळा तवा हवा असेल तर तेही आधीच बोला.

पावसाळ्यात यावं का?

किल्ला आणि स्कूबा नको असेल तर जरूर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, म्हणून या काळात "ताजी सुरमई" कोणी वाढली तर ती बर्फातली. खाडीतले मासे, कुर्ल्या, सुका बांगडा, सुकट, कुळथाची पिठी आणि भात हे इथलं पावसाळी जेवण. समुद्रात पाय बुडवायलाही जाऊ नका. आंबोली आणि सावडावचा धबधबा बघा. नारळी पौर्णिमेला गाव बंदरावर लोटतं, सोन्याचा मुलामा दिलेला नारळ समुद्राला अर्पण होतो, आणि बायकांच्या नारळ लढवण्याच्या स्पर्धा होतात. त्या दिवशी इथे असाल तर दुपारपासूनच जागा धरा.

वयस्कर आई-वडील आणि लहान मुलं आहेत. जमेल?

होडीत चढणं-उतरणं हाच काय तो कठीण भाग. होडी हलत असते, पायरी ओली असते. खलाशी हात देतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर भरतीच्या वेळी जा, पायऱ्या कमी पडतात. किल्ल्यात दरवाजापासून शिवराजेश्वरापर्यंत चालायला सोपं आहे, तटावर चढायची सक्ती नाही. मुलांना तटावर मोकळं सोडू नका, कठडा सगळीकडे नाही. होडी लागत असेल तर पोहे-चहा एवढ्यावरच निघा.

समुद्र सोडून जवळपास काय?

धामापूरचा तलाव, चौक्याहून कुडाळकडे जाताना. १५३० साली बांधलेला, काठावर भगवतीचं देऊळ, गर्द झाडी. आचऱ्याचं रामेश्वर मंदिर. उत्तरेला कुणकेश्वर आणि पुढे देवगड, तिकडे अर्धा दिवस जातो. गावात मेढ्यातलं जय गणेश मंदिर.

रात्री काही करायला आहे का?

दुकानं लवकर बंद होतात, रस्ते सामसूम. पण नोव्हेंबरनंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री दशावतार असतो. तिकीट नाही. जेवून उशिरा जायचं, बसायला चटई आणि अंगावर काहीतरी गरम घ्यायचं. संकासुराच्या प्रवेशाने सुरुवात होते, आणि पुढे संवाद लिहिलेले नसतात, नट जागेवर रचतात. कुठल्या गावात कधी आहे ते रिक्षावाल्याला विचारा.

आंगणेवाडीच्या जत्रेच्या वेळी आलो तर?

भराडी देवीसाठी येत असाल तर या. तारीख पंचांगात ठरलेली नसते, देवीचा कौल घेऊन जाहीर होते, बहुधा फेब्रुवारीच्या आसपास. निवांत समुद्रासाठी येत असाल तर ते दोन दिवस सोडून कुठलेही, कारण लाखो माणसं येतात आणि कुडाळ-कणकवलीपासून सगळे रस्ते भरतात.

पैसे, नेटवर्क, दवाखाना?

एटीएम गावात आहेत, लांब सुट्टीत रिकामे होतात. फोनवरून पैसे बहुतेक ठिकाणी चालतात. किल्ल्यावर आणि बाजारातल्या बायकांसाठी सुटे ठेवा. देवबागच्या टोकाला नेटवर्क अधूनमधून जातं. मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे, मोठं दुखणं असेल तर ओरोसचं जिल्हा रुग्णालय. नेहमीची औषधं घेऊन या, रात्री मेडिकल उघडं मिळेलच असं नाही.

घरी काय न्यावं?

मालवणी मसाला घरगुती दळलेला, कोकम, आगळ (कोकमाचा घट्ट रस), आल्या-गुळाचा खाजा, कुळथाचं पीठ, काजू. आगळात मीठ असतं, सोलकढी करताना वरून घालण्याआधी चाखा. हापूस हवा असेल तर एप्रिल-मेमध्ये थेट बागायतदाराकडून पेटी घ्या. हमरस्त्यावर देवगड लिहिलेल्या प्रत्येक पेटीत देवगडचा आंबा असतोच असं नाही. सुके मासे न्यायचे तर कडकडीत वाळलेले बघून घ्या, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि वर घट्ट झाकणाचा डबा. कोकणकन्येच्या वातानुकूलित डब्यात खिडकी उघडत नाही.